चढावर तापणारी जुनी जीप: दोष नेमका कुठे, हे शोधताना

शहाद्याहून राणीपूरपर्यंत इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमध. तिथून तोरणमाळचा चढ लागला की दहा मिनिटांत लाल पट्टीला. गाडी २११२ सीसी डिझेल इंजिनची जुनी फोर बाय फोर जीप, महिना मे, बाहेर ४३ अंश. आधीच्या कामात रेडिएटरचं नवं झाकण, नवा फॅन बेल्ट आणि नवा सेंडर (काट्याला तापमान कळवणारा सेन्सर) बसवून झाला होता, तरी तक्रार तीच. म्हणून पहिल्या दिवशी पाना हातात न घेता फक्त नोंद केली: कोणता गिअर, किती वेग, किती मिनिटांनी काटा हलला, उतारावर किती वेळात खाली आला.

ही नोंद अर्धं काम करते. उभ्या गाडीत किंवा बाजारातल्या गर्दीत हीट होते पण रस्त्यावर ठीक राहते, तर दोष हवेचा: पंखा, बेल्ट, पंख्याभोवतीचं आवरण. सपाटीवर ठीक पण चढावर किंवा जास्त वेगाला हीट होते, तर दोष बहुतेक पाण्याच्या फिरण्याचा. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक होतो, तेव्हा हेड पॅकिंगचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटचा) संशय धरायचा. पाणी तापायला तेवढा वेळ पुरत नाही, तो दाब सिलिंडरमधल्या गॅसचा असतो. आमच्या जीपचं लक्षण दुसऱ्या प्रकारचं होतं.

काटा खरं बोलतोय का, हे आधी पाहिलं. जुन्या गाडीत इंजिनची अर्थ वायर गंजलेली असली की काटा वाट्टेल ते दाखवतो. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) घरावर धरून ताडून पाहिलं. चकचकीत पितळ किंवा अॅल्युमिनिअमवर हे यंत्र खूपच कमी आकडा दाखवतं. म्हणून जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची आणि जवळून मोजायचं. काटा बरोबर निघाला.

मग झाकण. त्यावर ७ हा आकडा, म्हणजे ७ पीएसआय, साधारण अर्धा बार. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशाला उकळतं, तोरणमाळच्या साधारण ११५० मीटर उंचीवर ९६ ला. झाकणाने दाब धरला तर तिथेही उकळायला १०८-१०९ लागतात. झाकण दाब धरत होतं. फक्त नवं आहे म्हणून ते सोडून द्यायचं नाही, रबर आणि मधली छोटी व्हॅक्यूम झडप बोटाने उचलून बघायची. ती चिकटली तर गाडी थंड होताना वरचा होज चपटा होतो.

खरं उत्तर रेडिएटरच्या जाळीवर मिळालं. चढ संपताच गाडी आडोशाला घेऊन, इंजिन चालू ठेवून, काळ्या रंगाच्या जाळीवर नऊ ठिकाणी मोजलं: वर तीन, मध्ये तीन, खाली तीन. वरची टाकी १०३, खालची टाकी ७४. इतका फरक पाहून रेडिएटर उत्तम काम करतोय असं वाटतं, पण अर्थ उलटा आहे. पाणी इतकं हळू उतरतंय की त्याला थंड व्हायला भरपूर वेळ मिळतोय, आणि इंजिनला मात्र ते पुरत नाही. दोन्ही टाक्या तापलेल्या आणि फरक जेमतेम ३-४ अंश असता, तर हवा उष्णता नेत नाही असं म्हटलं असतं. जाळीचा डावा खालचा कोपरा तर ५६ होता. गरम इंजिनवर जाळीत थंड डाग म्हणजे त्या नळ्यांत पाणी पोचतच नाही.

धुळ्यात रेडिएटरच्या कारागिराने टाकी खोलली आणि बघताच म्हणाला, "खालनी जाळी पुरी जाम शे, भाऊ." नळ्यांच्या तोंडावर पांढरट-तपकिरी थर, नखाने खरवडला तर खडूसारखा पडत होता. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की हेच होतं. आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचं पाणी इतकं खारट-कठीण आहे की चहाच्या भांड्यालाही थर बसतो. रॉडिंग करून, म्हणजे आतून बारीक सळया फिरवून, नळ्या मोकळ्या केल्या. कोअर (नळ्या-जाळीचा गाभा) सडलेला असता तर नवाच घ्यायला सांगितलं असतं, रॉड घालताना कुजकी नळी फुटते. बाहेरून फिन्समध्ये (नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत) कापसाचे धागे आणि माती नमद्यासारखी बसली होती. ती इंजिनच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने काढायची. प्रेशरच्या पाण्याने फिन्स वाकतात.

तेवढ्यावर थांबलो नाही. रेडिएटर बाहेर असताना खालचा होज दाबून पाहिला: आतली स्प्रिंग गंजून तुटलेली. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, खालून पाणी ओढते, त्यामुळे रेस वाढली की असा होज आत बसतो, आणि जास्त पाणी हवं तेव्हाच कमी मिळतं. हे उभ्या गाडीत आयडलला कधीच दिसत नाही. एकाने रेस द्यायची आणि दुसऱ्याने बेल्ट-पंख्यापासून हात लांब ठेवून नुसतं बघायचं. वॉटर बॉडीच्या छिद्रातून गळती नव्हती, पाती शाबूत होती.

थर्मोस्टॅट कोणीतरी काढूनच टाकला होता. खान्देशात "एवढ्या उन्हात वॉल कशाला" (वॉल म्हणजे हाच थर्मोस्टॅट) असं सर्रास ऐकू येतं, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि काही पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच घुमतं. नवा घेऊन पातेल्यात दोरीने लटकवला, थर्मामीटर शेजारी, दोन्ही तळाला न टेकता. ८२ चा थर्मोस्टॅट ८२-८३ ला हलला, पुढे पूर्ण उघडला. न तपासता कधीच बसवू नये.

ब्लॉकमधल्या थरासाठी रेडिएटर न जोडता, इंजिनमध्ये लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अॅसिडचं कोमट पाणी अर्धा तास ठेवून, मग साधं पाणी स्वच्छ येईपर्यंत चार वेळा धुतलं. हेड पॅकिंगची खात्री सगळ्यात शेवटी: थंड गाडी, झाकण उघडं, इंजिन आयडलला, सतत बुडबुडे येतात का. आले असते तर एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपचा नट थोडा ढिला करून, फडकं गुंडाळून, कोणत्या सिलिंडरला बुडबुडे कमी होतात किंवा थांबतात ते पाहिलं असतं. दाबाचं डिझेल कातडीत शिरतं, त्यामुळे बोट जवळ न्यायचं नाही. बुडबुडे नव्हते.

भरताना पुढची चाकं चढावर घेतली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सर्वांत उंच राहतं आणि हवा तिथून निघते. ३५ टक्के कूलंट, बाकी डिस्टिल्ड पाणी. इथे गोठण्याची भीती नाही, कूलंट गंज आणि थरासाठी हवं. साधं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, म्हणून कूलंट त्याहून जास्त नाही. जितकं निघालं तितकं मोजून परत गेलं पाहिजे. दीड लिटर उरलं, तेव्हा हवा अडकल्याचं कळलं. हीटरचा होज ढिला केल्यावर तेही गेलं.

पुढच्या आठवड्यात तोच चढ, तोच दुसरा गिअर, बाहेर ४२. वरची टाकी ९३, खालची ८३, नऊही ठिकाणी जाळी सारखी तापलेली. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर क्लिप पुन्हा आवळल्या आणि पातळी बोटभर वाढवली.