कासव चालवायचं कसं?

बुधवार, रात्री

सूचनालेखन म्हटलं की इथल्या शाळांत 'जॅम सँडविच कसं करायचं' हे ठरलेलं. मला त्याचा मनस्वी कंटाळा आलाय. सूचना कितीही भोंगळ असो, सँडविच खाता येतंच! आमची शाळा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलची, इ.स. 122 मध्ये बांधायला घेतलेली रोमन सम्राट हेड्रियनची भिंत मुलांच्या अगदी दाराशी. म्हणून चौथीला यंदा रोमन सैन्य दिलं.

आज 'टेस्टुडो', म्हणजे ढालींचं कासव. पुढची रांग ढाल समोर धरते, कडेचे बाहेरच्या अंगाला, आतले डोक्यावर. एका गटाने सूचना लिहायच्या, दुसऱ्याने पुठ्ठ्याच्या ढाली घेऊन लिहिलंय तेवढंच करायचं. मनाचं काही घालायचं नाही.

"ढाल डोक्यावर धरा." सगळ्यांनी धरली, पुढच्या रांगेनेही. समोरून फेकलेले कागदाचे बोळे थेट पोटावर.

गंमत म्हणजे तपासणीच्या तक्त्याप्रमाणे लेखन बिनचूक होतं. क्रमांक होते, आज्ञार्थी क्रियापदं होती, साहित्याची यादीसुद्धा. पण कासव एकामागून एक पायऱ्यांनी होतच नाही. एकाच क्षणी प्रत्येकाने वेगळं काहीतरी करायचं असतं. बराच वेळ वाद झाला. शेवटी एका मुलीने क्रमांक खोडले आणि तीन मथळे घातले: पुढचे, कडेचे, आतले. मी मुद्दाम गप्प राहिले होते.

तरी सगळ्यांचं एकाच वेळी होईना. मग त्यांना माझ्या शाळेतली कवायत सांगितली. सर 'दाहिनेऽऽ' लांबवायचे, तेवढ्यात काय करायचं ते कळायचं. वळायचं मात्र 'मूड'लाच. मुलांनी लगेच आपले दोन शब्द ठरवले, एक लांब, एक तुटक. कासव दारापर्यंत चाललं.

उद्या परवलीची पाटी. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस रोमन छावणीबद्दल लिहितो, सूर्यास्ताला परवलीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून देत. ती छावणीच्या टोकापासून तुकडीतुकडीतून अंधार पडायच्या आत अधिकाऱ्याकडे परत यायला हवी. न आल्यास पाट्यांवरच्या खुणांवरून ती कुठे अडली ते सापडे. इथे 'जर-तर' लिहावं लागणार, तेच मला हवंय.

"ज्याच्यामुळे अडली त्याचं काय व्हायचं?" एकाने विचारलं. शिक्षा, म्हटलं. घंटा होईपर्यंत त्याची पहिली ओळ तयार होती: पाटी देण्याआधी घेणाऱ्याचं नाव विचारा.