बॅटरी एका संध्याकाळी मिळाली, सेलला दोन महिने लागले

सोलापुरात आपण टॉर्चला बॅटरी म्हणतो आणि आत घालतो तो सेल. खाली मीही तसंच म्हटलंय. बॅटरी एका संध्याकाळी पसंत झाली. खरा सेल मिळायला दोन महिने गेले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

काम रात्रीच्या फेरीचं. बार्शी रस्त्याच्या बाजूचं माळरान, मधे ग्लिरिसिडिया, कडुनिंब, हिवर यांचं रोपवन. पाच-सहा तास चालायचं, पाणवठे बघायचे. (नान्नजच्या अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही.) चालायला 100 लुमेन (लुमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप) भरपूर होतात. लांबचं नीट बघायला 500-600 लागतात, तेही मिनिटभरच. खोक्यावर छापलेलं अंतर म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, 0.25 लक्स उजेड जिथे उरतो तिथपर्यंतचं. 10,000 कॅन्डेलाला (कॅन्डेला म्हणजे झोताच्या तीव्रतेचं माप) ते हिशेबाने 200 मीटर येतं, पण जनावर कोणतं ते ओळखायचं तर त्याच्या निम्म्याच्याही आत.

आता सेल. 18650 मापाचा लिथियम सेल म्हणजे 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. एवढ्याशा नळीत 3500 एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आसपासच वीज मावते. दुकानात मात्र 6800, 8800, 9900 असेच आकडे दिसतात. “मालक, नऊ हजार नऊशेचा आहे, दोन रात्री जातोय बघा,” असं सांगून पहिला सेल हातात पडला.

300 लुमेनला चांगली एलईडी साधारण तीन वॅट खाते. 3000 एमएएचच्या खऱ्या सेलमध्ये जवळपास अकरा वॅट-तास असतात, म्हणजे बॅटरी साडेतीन तास चालायला हवी. हा सेल सव्वा तासात संपला. सराफाच्या काट्यावर ठेवला तर 31 ग्रॅम. खरा 18650 साधारण 44 ते 49 ग्रॅम भरतो. त्याहून हलका असेल तर आत माल नाही, हे दुकानातच कळतं. खिशात मावणारा छोटा काटा बरोबर नेला तरी चालतो.

दुसरा 46 ग्रॅम भरला म्हणून खात्रीने घेतला, आणि तोही मोजल्यावर 1400 एमएएचवर थांबला. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधले सेल काढून त्यांना नवं वेष्टन चढवतात. वजन बरोबर असतं, पण जीव गेलेला असतो. असा सेल काट्याने सापडत नाही, चार्ज करताना किती वीज आत गेली ते मोजणाऱ्या यूएसबी मीटरने सापडतो. बॅटरी विझेपर्यंत चालवायची, मग चार्जरच्या वायरीत मीटर लावून तो शून्यावर आणायचा आणि भरायला ठेवायची. एक अँपिअरने भरणाऱ्या साध्या चार्जरवर 3000 चा सेल साडेतीन-चार तास घेतो आणि मीटर 3000 च्या जवळ थांबतो. नऊ हजारांचा म्हणवणारा सेल तासा-सव्वा तासात हिरवा दिवा दाखवत असेल तर आकडा खोटा आहे.

परत घ्यायची वेळ आली की उत्तर ठरलेलं: “सेलला गॅरंटी नसते.” वेष्टनावर 9900 छापायचं आणि वर हे ऐकवायचं! रानात तीन किलोमीटर आत असताना उजेड गेला तर पाय कशावर पडेल, याचा विचार कुणी करत नाही. म्हणून पक्कं बिल घ्या आणि त्यावर एमएएचचा आकडा लिहून घ्या.

तिसरा सेल खरा होता, पण बसेना. आत संरक्षक सर्किट असलेला सेल 68 ते 70 मिलिमीटरपर्यंत लांब असतो. मागचं झाकण जोर लावून फिरवलं की स्प्रिंग दबते, रबरी रिंग नीट बसत नाही आणि पावसात पाणी आत जातं. तेव्हा लांबी आधी विचारा, आणि टोक सपाट हवं की उंचवट्याचं हेही. शेवटी बॅटरीच्या कंपनीचाच सेल मागवला: 47 ग्रॅम, मीटरवर 3040. तो आकडा बघून जीव भांड्यात पडला.

निवडतानाची एक गोष्ट राहिली. निळसर पांढरा, 6500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर) उजेड डोळ्यांना झगझगीत वाटतो, पण त्यात माती, पाचोळा आणि घोणस सगळं एकाच रंगाचं दिसतं. 4000 ते 5000 केल्विन घ्या. डोक्यावरच्या बॅटरीने हात मोकळे राहतात, पण उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच जात असल्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि जमीन सपाट भासते. चालताना बॅटरी कमरेपाशी धरली की प्रत्येक खड्याची, फांदीची सावली पडते आणि वेटोळंही उठून दिसतं. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून नोंदवही वाचायला मंद लाल दिवा बरा.

उन्हाळ्यात मोठा झोत दोन-तीन मिनिटांत आपोआप उतरतो. तो बिघाड नाही, एलईडी तापू नये म्हणून केलेली सोय आहे. मे महिन्यात बंद गाडीत सेल ठेवू नका. महिनाभर काम नसेल तर अर्धा भरून ठेवा.

सॅकमध्ये ठेवताना मागचं झाकण पाव फेरा सैल करा. बऱ्याच बॅटऱ्यांत तेवढ्याने जोडणी तुटते आणि बटण दाबलं गेलं तरी ती पेटत नाही. निघण्याआधी घरीच एकदा करून बघा.