तुम्ही विचारलंत म्हणून : त्या पोलिश वैमानिकांचं तुम्हाला काय एवढं?

हा प्रश्न मला तीन सुरांत विचारला जातो. लंडनच्या आमच्या मंडळात कौतुकानं, कोल्हापुरात मामांच्या सोप्यात टोमण्यानं, आणि घरात, रविवारी सकाळी मी बूट चढवायला लागलो की, कंटाळून. तिन्हीकडे मी एकच उत्तर देत आलोय : "घराजवळ स्मारक आहे हो, जाता-येता दिसतं." ते खोटं नाही. साउथ रायस्लिपला ए-40 रस्त्याच्या कडेला, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाबरोबर लढलेल्या पोलिश वैमानिकांच्या आठवणीचा उंच खांब आहे, वर काशाचा गरुड. रेडिओवर वाहतुकीच्या बातम्यांत 'पोलिश वॉर मेमोरिअलजवळ गाड्या तुंबल्यात' असं इतक्या वेळा कानावर पडतं की नवख्याला ते चौकाचंच नाव वाटतं. मलाही पहिली चार वर्षं तसंच वाटायचं.

पण घराजवळ पेट्रोल पंपही आहे. त्यावर मी भाषणं देत नाही. म्हणजे हे उत्तर पुरत नाही, हे मलाही कळतं.

303 स्क्वाड्रन ही पोलिश वैमानिकांची तुकडी, त्यांची हरिकेन लढाऊ विमानं, लंडनजवळचा नॉर्थोल्टचा तळ, हे सगळं तुम्ही सिनेमात पाहिलंय आणि माझ्या तोंडून नको इतकं ऐकलंय. ते पुन्हा उगाळत नाही. फक्त एक कबुली देतो. माझं प्रत्येक भाषण 30 ऑगस्ट 1940 या तारखेनं सुरू व्हायचं. सराव चाललेला, लुदविक पाश्क्येविचला जर्मन विमान दिसतं, तो ब्रिटिश प्रमुखाला रेडिओवर सांगतो, उत्तर येत नाही, मग हा गडी रांग मोडून सुटतो आणि विमान पाडूनच परत येतो. दुसऱ्या दिवशी तुकडी लढाईत. टाळ्या. त्यानंतर मी 126 हा आकडा टाकायचो : सहा आठवड्यांत 126 विमानं पाडली! पुन्हा टाळ्या. तो आकडा त्यांनी स्वतः नोंदवलेल्या दाव्यांचा आहे. युद्धानंतर अभ्यासकांनी जर्मन कागदांशी ताडून पाहिलं तेव्हा तो बराच खाली आला. त्या धुमश्चक्रीत सगळ्याच तुकड्यांचे दावे फुगलेले होते, यांचेही होते. हे मला ठाऊक असूनसुद्धा मी 126च सांगत राहिलो, कारण खालच्या आकड्याला टाळ्या पडत नाहीत. आणि पाश्क्येविच त्यानंतर महिनाभरही जगला नाही, 27 सप्टेंबरला गेला, वय 32, हे मी शेवटी घाईघाईत सांगायचो. नॉर्थवूडच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या शिळांना वर गोलाई असते, पोलिश शिळांना टोक असतं. लांबूनही ओळखू येतात.

मामांचा टोमणा वेगळा आहे. "ज्या साहेबानं बेचाळीसला आपली माणसं तुरुंगात कोंबली, त्याच्या हवाई दलाचे गोडवे गातोस होय रे?" मामा, तुमचं चूक नाही. 1943 साली साताऱ्यात पत्री सरकार उभं राहत होतं, आणि त्याच साली कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी वसत होती. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. स्टालिनच्या लोकांनी 1940 मध्ये घरातून उचलून सैबेरियात, कझाकस्तानात टाकलेली, तिथून इराणमार्गे आपल्याकडे आलेली. 1948 पर्यंत ती गेली आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. आज तुम्ही लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला जाता ना, तेच ते. साहेबाचं सरकार एका हातानं काय करत होतं आणि दुसऱ्या हातानं काय, याचा हिशोब मला जमलेला नाही. तुम्हाला जमला असेल तर सांगा.

"आपल्या भारतीय वैमानिकांबद्दल का नाही बोलत?" बोलतो. महिंदरसिंग पुज्जींवर मी पूर्ण एक संध्याकाळ बोललो होतो. ऐकायला अकरा माणसं होती, त्यांत चौघं स्वयंपाकघरातली. असो.

आता मूळ गोष्टीवर येतो. ही मी कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या गल्लीत एक पोलिश बाई राहायच्या. नाव लिहीत नाही. मी कोल्हापूरचा आहे हे कळल्यावर दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "वळिवडे." असा शुद्ध ळ मी इंग्लंडमध्ये गोऱ्या माणसाच्या तोंडून परत कधी ऐकला नाही. आठव्या वर्षी त्या आईबरोबर तिथं आल्या होत्या. मराठीतले तीन शब्द अजून शाबूत होते : पाणी, चल आणि नको. 'नको' फेरीवाल्यांसाठी शिकला होता. त्यांचे वडील हवाई दलात फिटर. सप्टेंबर 1939 मध्ये त्यांची तुकडी रुमानियात शिरली, आणि हा माणूस काळ्या समुद्रावरच्या बाल्चिक बंदरातून बैरूत, तिथून मार्सेय, फ्रान्स पडल्यावर इंग्लंड असा पोचला. पुढे लिंकनशरमध्ये फॉल्डिंगवर्थच्या तळावर, 300 क्रमांकाच्या बॉम्बर तुकडीत, लँकेस्टरच्या इंजिनांखाली. मुलीनं बापाला पुन्हा पाहिलं ते 1947 मध्ये, आठ वर्षांनी. ओळखलं नाही. "आईनं माझा हात एका टक्कल पडलेल्या माणसाच्या हातात दिला," असं त्या सांगायच्या, आणि हसायच्या.

2011च्या गणेशोत्सवात मंडळानं मला बोलायला सांगितलं. मी त्यांना बरोबर नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. मनात काय होतं ते स्पष्टच सांगतो : मला त्या पुराव्यासारख्या हव्या होत्या. मंडळाच्या पोरांसाठी भाषण अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. 30 ऑगस्ट झालं, 126 झालं. मग मी विजय संचलनावर आलो. 8 जून 1946, लंडनच्या रस्त्यांवर मित्रराष्ट्रांच्या सैन्यांची मिरवणूक, आणि आवाज चढवून मी म्हणालो, "पोलिश सैनिकांना बंदी! ज्यांनी लंडन वाचवलं त्यांनाच बंदी!" सभागृहात हळहळ पसरली. त्या हळहळीवर स्वार होऊन मी शेवटची स्लाइड लावली : स्मारकासमोर आमच्या मंडळाचा फोटो. "तेही घर सोडून आले, आपणही आलो. तेही परत गेले नाहीत, आपणही नाही. एकाच नावेतले आपण."

आरतीनंतर मोदकाचं ताट फिरलं. गोडाला त्या कधी नाही म्हणायच्या नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नको."

गाडीत बराच वेळ गप्प. हँगर लेनच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा विचारलं, "तुझा पासपोर्ट कुठं असतो?"

मी म्हणालो, कपाटात.

"तिकीट काढलंस तर कोल्हापूर तिथंच आहे ना?"

मी काही बोललो नाही.

"आमचं गाव ल्वूफजवळ, तेव्हाच्या पूर्व पोलंडात. युद्ध संपलं तेव्हा ते रशियात गेलं होतं. गाव जागेवरच होतं, देश सरकला. माझ्या बापानं परत जायचं म्हणजे कुठं जायचं?" सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजला. "आणि दुसरं. बंदी कुणी घातली?"

मी म्हणालो, सरकारनं. सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं.

"सरकारनं वॉर्साला बोलावणं पाठवलं, म्हणजे मॉस्कोच्या माणसांना. ते आलेच नाहीत. इटलीत माँते कासिनो जिंकणाऱ्या आमच्या फौजेला बोलावलं नाही, नौदलाला नाही, माझ्या बापाला तर कोण बोलावणार? फक्त लढाऊ विमानांच्या तुकड्यांतल्या पंचवीस जणांना सांगितलं : आमच्या हवाई दलाबरोबर चला. टाळ्या त्यांनाच पडल्या असत्या. ते नाही म्हणाले. बाकीच्यांना बोलावत नाही तर आम्हीही येत नाही. माझा बाप आयुष्यभर इंजिनाच्या ग्रीसमध्ये हात घालून बसलेला माणूस. त्याच्यासाठी कुणी काही नाकारलं असेल तर ते एवढंच. आणि तू आज दोनशे माणसांसमोर ते काढून घेतलंस. बंदी म्हटलं की बिचारे होतात. तुला बिचारे हवे होते."

दारात उतरताना नेहमीसारखे आभार मानले. मला दार बंद झाल्याचा आवाज अजून आठवतो, कारण तो अगदी साधा होता, आपटल्याचा नव्हता.

त्या रात्री मी काय केलं? माफी मागायला गेलो नाही. संगणकावर बसून 'बंदी' म्हणणारे लेख शोधले. पुष्कळ सापडले. सकाळी त्यांच्या दारात उभं राहून ते वाचून दाखवावेत असंही मनात आलं होतं. बायकोनं अडवलं.

आजही माझ्यातला तो वकील गप्प बसलेला नाही. तो म्हणतो : दोन लाखांच्या आसपास माणसं ब्रिटिशांच्या हुकमतीखाली लढली आणि त्यांतल्या पंचवीस जणांना आमंत्रण, तेही ब्रिटिश हवाई दलाच्या शेपटाला जोडून, याला बंदी नाही तर काय म्हणायचं? 5 जुलै 1945 ला ब्रिटननं लंडनमध्ये परागंदा असलेल्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली होती, ज्याच्याशी करार करून ही माणसं लढत होती त्याच सरकारची. स्टालिन दुखावू नये म्हणून हे झालं. मग बाईंनी 'बंदी' शब्दावर एवढं अडून बसायचं कारण काय? मला वाटतं माझं थोडं बरोबर आहे. पण हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि 2016 नंतर सांगायला त्या राहिल्या नाहीत.

नावेच्या बाबतीत मात्र माझ्याकडे काहीच बचाव नाही. जे परत गेले त्यांचं काय झालं हे मला तेव्हाही माहीत होतं. स्तानिस्वाव स्काल्स्की, युद्धातला पोलंडचा सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक, 1947 मध्ये मायदेशी गेला. 1948 मध्ये हेर म्हणून पकडला, मारझोड, फाशीची शिक्षा, ती पुढे जन्मठेपेवर आली, 1956 मध्ये सुटका. 303 चा प्रमुख राहिलेला उर्बानोविच गेला, पुन्हापुन्हा धरला गेला, शेवटी अमेरिकेत निघून गेला. आणि मी? मी 1998 मध्ये पगारासाठी आलो. दर दोन वर्षांनी जातो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो, मामांची बोलणी खातो, आणि विमानतळावर डोळे पुसून परत येतो. मामा विचारतात, "कायमचा कधी येणार?" मी म्हणतो, मुलीचं शिक्षण होऊ दे. मुलगी आता नोकरी करते.

तर मला त्यांचं काय एवढं? कदाचित हेच, की माझ्या परत न जाण्याला मी त्यांचा आधार शोधत होतो. चार माणसांत सांगायला बरं वाटतं. कदाचित तेवढंच नाही. त्या दिवसानंतरही मी दर रविवारी स्मारकापाशी जातो, नावं वाचतो, आणि आता तिथं फोटो काढत नाही. एवढं वाचूनही घरच्यांचा सूर बदलेल असं वाटत नाही.

भाषण अजून देतो. 126 काढून टाकलाय. नावेची स्लाइड काढलीय. संचलनाची मात्र तीनदा बदलून झाली. आधी होतं 'बंदी'. मग केलं 'बोलावलं नाही'. तेही पंचवीस जणांमुळे खोटं ठरतं, म्हणून सध्या तिथं दोनच शब्द आहेत : 'गेले नाहीत'. गेल्या गणपतीत पुढच्या रांगेतल्या एका पोरानं हात वर करून विचारलं, "काका, कुठं? मिरवणुकीला की घरी?"

मी म्हणालो, थांब, सांगतो. आणि पुढची स्लाइड लावली.