क्लॅम्पला लायसन कुठून आणू?

ट्रायपॉडवर रायफल टेकवून छर्रे तपासायचे होते. एवढ्याशा कामात नागपूरजवळच्या वाडीतल्या एका कुरिअर गोदामाने माझे ११ दिवस खाल्ले, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मी १० मीटर एअर रायफल मारतो, हौसेपुरती. सामन्यात ट्रायपॉडवरून मारणं चालत नाही, उभ्यानेच मारावं लागतं. पण नवीन डबा आणला की आमचे सर म्हणतात, आधी टेकवून पाच-पाच मारून पाहा, तुझ्या नळीला कोणता छर्रा मानवतो ते कळेल. छर्र्याच्या डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर, हाताच्या थरथरीत हा फरक कुठला दिसायला!

घरी फोटोचा जुना ट्रायपॉड होता. त्यावर टॉवेलची घडी, वर साडेचार किलोची रायफल. नॉब पिळून तळहात लाल झाला, तरी नळी आपली हळूहळू खाली. कार्डावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो. सीताबर्डीतून ट्रायपॉडच्या डोक्यावर बसणारं, जाड गोळ्यावर फिरणारं हेड आणलं, ते अर्ध्या तासात झालं. त्यावर रायफल पकडायला रबरी जबड्यांचा क्लॅम्प मात्र ऑनलाइन मागवला, आणि तिथेच फसलो.

पार्सल वाडीला येऊन ‘होल्ड’ झालं. पाच दिवस वाट पाहून गेलो. काउंटरवरच्या पोराने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“भाऊ, इथं गन लिहून आहे. लायसन दाखवा लागते.”

डबा ७०० ग्रॅमचा. त्यात बंदूक मावेल कशी, हे मी तीन तऱ्हेने विचारलं.

“ते मले नका सांगू जी, सिस्टिम सोडत नाही.”

विक्रेत्याने बिलावर ‘गन रेस्ट’, म्हणजे बंदूक टेकवायचा आधार, असं लिहिलं होतं, सगळी भानगड तेवढीच. पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदारसाहेब फोटो पाहून हसले, “या चिमट्याले लायसन काऊन लागन?” मी म्हटलं, मग तेवढं लिहून द्या. हसू तिथेच थांबलं. गोदामात दुसऱ्या खेपेला विक्रेत्याचं पत्र नेलं, तर म्हणे मोठ्या साहेबांना मेल करा. साहेब कुठे बसतात? ते कोणालाच माहीत नव्हतं. बाहेर ऊन असं की स्कूटरच्या सीटवर बसवत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मीच म्हटलं, कॅमेऱ्यासमोर फोडा. फोडलं. आत दोन जबडे, एक नॉब, एक ॲलन की. पोराने तो क्लॅम्प स्वतःच्या पाण्याच्या बाटलीला लावून पाहिला, दोनदा आवळला, म्हणाला, “मस्त धरते ना जी!” आणि सही घेतली.

तर मागवताना विक्रेत्याला आधीच सांगा, बिलावर ‘ट्रायपॉड क्लॅम्प’ लिही. आहेच तो ट्रायपॉडचा क्लॅम्प.

जबडा रायफलच्या स्टॉकवरच, म्हणजे दस्त्यावरच आवळायचा. नळीवर किंवा हवेच्या सिलिंडरवर आवळला की नेम हलतो. रायफल आधी बोटावर तोलून पाहा आणि जिथे तोल साधेल तिथेच धरा, म्हणजे हेडवर ओढ येत नाही. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, उंची पायांनीच घ्या. खालच्या हुकाला मी वाळूची पिशवी लटकवतो.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: आटे मोजून घ्या. माझ्या क्लॅम्पचं भोक तीन सुताचं, हेडचा स्क्रू दोन सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग)! ११ दिवसांनी हातात आलेली वस्तू घरी बसेना. पुन्हा सीताबर्डी. दुकानदाराने ड्रॉवरमधून पितळी बुशिंग, म्हणजे मोठं भोक लहान करणारी आट्यांची कडी, काढलं, नाण्याने फिरवून बसवलं आणि पैसे घेतले नाहीत.

रविवारी ४.५०चे पाच मारले. कार्डावर एकच भोक, जरासं लांबट.