कुठली म्हैस?

चित्रकलेच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आत्मचित्राचा जो स्वाध्याय असतो, त्याला आमच्या कोल्हापूरच्या वर्गात आम्ही एक जोड दिलेली आहे. आरशात दिसणारा चेहरा जसाच्या तसा उतरवण्यावर न थांबता निसर्ग, स्वप्न किंवा कल्पना यांच्या आधाराने ‘मी कोण’ हे विद्यार्थ्याने रंगवावे, अशी अपेक्षा असते. विषय मोकळा वाटतो, पण शिक्षक म्हणून माझ्यासमोर येणारी चित्रे बहुधा एकाच साच्यातली असतात. डोक्यातून झाड उगवलेले असते, पायांना मुळे फुटलेली असतात, अर्धा चेहरा वाघाचा असतो, कपाळ फुटून त्यातून पाखरे उडत असतात, आणि पाणी असलेच तर ते निळे असते. अशा चित्रासमोर उभा राहिलो की मी एवढेच विचारतो, की हे झाड कोणते? बहुतेकांना त्याचे नाव सांगता येत नाही, कारण ते झाड त्यांनी कुठे पाहिलेले नसून मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेले असते. स्वप्न म्हणजे धूसर, आणि कल्पना म्हणजे निरीक्षणातून मिळालेली सुट्टी, हा समज मुलांच्या मनात इतका घट्ट असतो, की तो काढण्यातच अर्धे सत्र जाते.

त्यासाठी मी वर्गात काही चित्रे दाखवतो. आर्चिम्बोल्दो या इटालियन चित्रकाराने १५९०-९१ च्या सुमारास सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचे जे व्यक्तिचित्र केले, त्यात चेहऱ्याच्या जागी फळे, भाज्या, कणसे आणि फुले आहेत; चित्र विक्षिप्त आहे, पण त्यातले प्रत्येक फळ ओळखता येते, आणि ओळखता येते म्हणूनच त्यांतून माणूस उभा राहतो. फ्रिडा काहलो या मेक्सिकन चित्रकर्तीने १९४६ मध्ये स्वतःला बाणांनी विद्ध झालेल्या हरणाच्या रूपात रंगवले. देह हरणाचा, चेहरा तिचा आणि अंगात रुतलेले नऊ बाण. त्याच वर्षी तिच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि हरीण तिने घरीच पाळलेले असल्याने ते तिच्या रोजच्या पाहण्यातले होते. आपल्याला अतिवास्तववादी म्हणणे तिला मान्य नव्हते. आपण स्वप्ने नव्हे, स्वतःचे वास्तव रंगवतो, असे ती म्हणे.

कोल्हापुरात हे समजावणे खरे तर सोपे जायला हवे. चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ या तलावांच्या काठी बसून पाणी आणि उजेड यांचा जो अभ्यास केला, त्याचा अभिमान या गावाला आहेच. पण याच गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी संगीत नाटकांसाठी पडदेही रंगवले, आणि पडद्यावरचे अरण्य किंवा राजवाडा हा तर निव्वळ कल्पनेचा कारभार. तरीही शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ते अरण्य खरे वाटे, ते त्यातल्या झाडांच्या खोडांमुळे. आपण मात्र पहिली परंपरा मिरवतो आणि दुसरीला कारागिरी म्हणून बाजूला ठेवतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता त्या दिवसाविषयी. वार्षिक मूल्यमापनाला बाहेरगावाहून आलेले परीक्षक ज्येष्ठ व्यक्तिचित्रकार होते आणि त्यांच्या हातात गुणपत्रक होते: रेखांकन, रंगयोजना, संयोजन, कल्पकता, सादरीकरण. दुपारपर्यंत अपेक्षेप्रमाणे झाडे, मुळे आणि पाखरे होऊन गेली. एका विद्यार्थ्याने रात्रपाळीत झोपलेल्या स्वतःला यंत्राच्या पट्ट्यावर रंगवले होते आणि ते काम उत्तम होते. त्याला सर्वाधिक गुण पडले आणि ते योग्यच झाले. त्यानंतर आम्ही एका उभ्या, माणसाच्या उंचीच्या कॅनव्हाससमोर आलो आणि तिथे पुढचा बराच वेळ गेला.

हे चित्र कोल्हापूरजवळच्या प्रयाग संगमालगतच्या एका गावातून येणाऱ्या मुलीचे होते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या जिथे एकत्र येतात आणि गुप्त सरस्वतीसह पंचगंगा होतात, तो हा परिसर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा ती शाळेत होती, आणि २०२१ च्या जुलैमध्ये घर पुन्हा पाण्यात गेले. चित्रात तिने स्वतःला घराच्या आतल्या खोलीत उभे केले होते, भिंतीला पाठ लावून, वजनकाट्यावर उभे राहावे तसे ताठ. पावलांपासून माथ्यापर्यंत अंगावर फुटांच्या रेघा आणि आकडे होते. छातीशी ३९, हनुवटीशी ४३. कोल्हापूरच्या माणसाला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत; पावसाळ्यात इथे सकाळची सुरुवातच बंधाऱ्याची पातळी आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले या दोन प्रश्नांनी होते, आणि ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका हे पोरासोरांनाही पाठ असते. पाहुण्या परीक्षकांना मात्र ते मला सांगावे लागले. चित्रातले पाणी ४३ च्या वर चढून नाकापाशी आलेले होते. तिचा डावा हात खांद्यापासून खाली उसाचा झालेला होता, पेरापेराने, आणि प्रत्येक पेरावरचा डोळा फुटून त्यातून कोवळा कोंब बाहेर आलेला होता. उजव्या बाजूला, तिच्या कानाच्या उंचीवर, पाण्यातून एक म्हैस चालत चालली होती, पायाखाली जमीन असावी तशी निवांत.

परीक्षकांनी आधी माझ्याकडे पाहिले. “तुम्ही यांना फ्रिडा दाखवलीत का?” असे त्यांनी विचारले, आणि मी होय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांचा आक्षेप मला पटणारा नसला तरी क्षुल्लक नव्हता. देहाचे अर्धे रूप वनस्पतीचे करणे, जखमेच्या जागी प्रतीक ठेवणे, हे आता इतके सरावाचे झाले आहे, की त्यातून त्या व्यक्तीबद्दल काहीच कळत नाही, आणि असले चित्र आत्मचित्र म्हणून तपासायचे तर कशाच्या आधारावर, असे त्यांचे म्हणणे होते. हीच तक्रार मी वर्षभर वर्गात करत असतो, तेव्हा ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला गंमतही वाटली. मी म्हणालो, “हातावरचे डोळे बघा.” उसाच्या कांडीवर डोळे एकाआड एक असतात, एका पेराला या बाजूला, तर पुढच्या पेराला त्या बाजूला, सजावट म्हणून ऊस काढणारा माणूस ते सगळे एका ओळीत काढतो. इथे ते जागच्या जागी होते. शिवाय शेंड्यातली सुरळी गाळाने भरून कुजलेली दाखवली होती, आणि पुरात बुडालेल्या उसाचे तसेच होते: शेंडा मरतो आणि मग उभ्या कांडीवरचे डोळे फुटून पांगशा येतात. तो ऊस हिरवा दिसतो, पण त्याचे वजन आणि साखर गेलेली असते. ही माहिती चित्रात कुठेही लिहिलेली नव्हती.

परीक्षक जवळ गेले आणि पाण्याकडे पाहत राहिले. ते निळे दिसत नव्हते. मातकट पिवळ्या यलो ऑकरमध्ये तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, थोडा पांढरा आणि फक्त सावलीत किंचित निळा अल्ट्रामरीन, असे पातळ थर तिने एकावर एक दिले होते. सह्याद्रीवरची तांबडी माती घेऊन येणारे आमच्याकडचे पुराचे पाणी तंतोतंत त्या रंगाचे असते. त्यांनी तिला पहिल्यांदाच थेट विचारले.

“पाणी एवढं गढूळ केलंस, मग त्यात म्हैस दिसते कशी?”

“खरं पाणी असतं तर दिसली नसती सर. स्वप्नात दिसत्या.”

“आणि ती बुडत का नाही?”

“स्वप्नात पाणी ओलं नसतंय. म्हशी चालत्यात, आवाज होत नाही, एवढंच.”

नंतर जे झाले त्याची मला अजिबात कल्पना नव्हती. परीक्षकांनी टेबलावरचा कोळसा उचलून तिच्या हातात दिला, समोरच्या बोर्डवर कागद लावला आणि म्हणाले, “इथे म्हैस काढून दाखव. चित्राकडे बघायचं नाही.” त्यांच्या मनात काय असावे हे उघड होते, फोटोवरून उतरवलेले जनावर नंतर आठवणीने काढता येत नाही. मुलीने कोळसा घेतला, कागदाकडे पाहिले आणि काढायला सुरुवात करण्याऐवजी विचारले, “कुठली म्हैस, सर?”

“कुठली म्हणजे? चित्रातली.”

“चित्रातली अशी एक कुठली नाही. शिंगं एकीची हायत, चाल दुसरीची हाय.”

त्यांच्या गोठ्यात तीन म्हशी होत्या, पंढरपुरी, मागे वळून खांद्याच्याही पलीकडे जाणाऱ्या तलवारीसारख्या शिंगांच्या. पाणी वाढले तेव्हा वडिलांनी दावी सोडून दिली. दोघी नंतर सापडल्या, एक सापडली नाही. हे तिने दोन-तीन वाक्यांत आणि कोणताही सूर न लावता सांगितले, कारण प्रश्न म्हशी ओळखण्याचा होता आणि ती त्याच प्रश्नाचे उत्तर देत होती. मग तिने तिघीही काढल्या. एकीचे डावे शिंग टोकाला आत वळलेले, दुसरीची पाठ माकडहाडापाशी उतरती, तिसरी मान खाली घालून चालणारी. रेषा कच्च्या होत्या, पुढच्या पायाचा सांधा एका ठिकाणी चुकला होता, पण तीन वेगळ्या म्हशी समोर उभ्या राहिल्या याबद्दल हॉलमधल्या कोणालाही शंका उरली नाही.

स्वप्नातली माणसे अशीच जोडलेली असतात, हे मनोविश्लेषक फ्रॉइडने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडून ठेवले आहे. एकाची दाढी, दुसऱ्याचा आवाज आणि तरी एकच व्यक्ती, असा अनुभव आपल्या सगळ्यांनाच येतो, आणि फ्रॉइडने त्याची तुलना गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने अनेक चेहरे एकावर एक घेऊन तयार केलेल्या छायाचित्रांशी केली होती. मात्र अशी जोडणी करायला आधी ते तुकडे स्वतंत्रपणे ठाऊक असावे लागतात. जिला तीन म्हशी वेगवेगळ्या ओळखता येतात तिच्याच स्वप्नात त्यांची एक होऊ शकते. जिला म्हैस म्हणजे नुसते काळे जनावर, तिच्या स्वप्नातही काळे जनावरच येणार. वर्गात मी झाडाचे नाव विचारतो ते नेमके याच कारणाने, पण इतक्या थोडक्यात ते मला कधी सांगता आले नव्हते.

परीक्षक यानंतर विरघळले, असे मात्र कोणी समजू नये. ते पुन्हा कॅनव्हासपाशी गेले आणि त्यांनी चेहऱ्यावर बोट ठेवले. “हा चेहरा फोटोवरून केलास.” तिने मान्य केले. खोलीत उजेड डावीकडच्या खिडकीतून येत होता, भिंतीवर, म्हशीच्या पाठीवर, उसाच्या कांडीवर तो बरोबर पडला होता, आणि चेहऱ्यावर मात्र समोरून पडलेला सपाट उजेड होता, मोबाइलच्या फ्लॅशचा. नाक लेन्सने फुगवलेले होते. एवढ्या नेमक्या चित्रात नेमका तोच भाग उसना होता, आणि तो आत्मचित्रातला चेहरा होता. रेखांकनाचे गुण त्यांनी त्यासाठी कापले. मी रंगयोजनेसाठी थोडा वाद घातला आणि तो त्यांनी ऐकला. कल्पकतेच्या रकान्यात त्यांनी न विचारता चांगले गुण लिहिले. चित्र पहिले आले नाही, दुसरेही आले नाही. तिला त्याचे विशेष वाटले नसावे, कारण परीक्षक पुढच्या चित्राकडे वळले तरी ती त्या चेहऱ्याकडेच पाहत होती.

निकालानंतर तिने चेहरा खरवडून काढला आणि आता खिडकीशी आरसा ठेवून अभ्यास चालू आहे. कपाळ, भुवया, डोळे जमले आहेत. काम अडले आहे ते नाकापाशी, जिथे पाण्याची रेघ चेहऱ्याला कापते. खऱ्या पाण्यात वक्रीभवनामुळे खालचा भाग सरकलेला दिसेल, गढूळ पाण्यात तर ओठ दिसणारच नाहीत. तिचे म्हणणे असे, की म्हैस जर स्वच्छ दिसते तर ओठही स्वच्छच दिसले पाहिजेत, आणि सरकताही कामा नयेत, कारण ते पाणी ओलेच नाही. मला हे तर्कशुद्ध वाटते, पण डोळ्याला पटेल की नाही याची खात्री वाटत नाही. तेव्हा सध्या मी तिला बादलीत हात बुडवून त्याची रेखाटने करायला लावली आहेत, एकदा स्वच्छ पाण्यात आणि एकदा माती कालवून, आणि ती त्यावर भरपूर कुरकुर करते आहे.