तांदूळ सहा वाट्या

२ डिसेंबर, मंगळवार. रात्रीचे साडेदहा

पाच दिवसांनी वहीत लिहितेय. मधले दिवस पेन सॅकच्या तळाशी होतं आणि संध्याकाळी हात कोपरापासून दुखायचे.

भीमाशंकर ते रायगड पायी निघालोय आम्ही तिघं, काका, नाशिकचा पोरगा आणि मी. आज राजमाचीहून उधेवाडी सोडून लोणावळ्याला उतरलो. उतरलो म्हणायचं इतकंच, पंधरा-सोळा किलोमीटरची ती वाट जीपगाड्यांच्या धुळीतून चालायची, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुपारी लोकल बराच वेळ नव्हती. फलाटावरच सॅक उशाला घेऊन आडवे झालो. काका तेवढ्यात घोरायलाही लागले. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, कुठल्याही आवाजात झोपतो आणि आपला थांबा आला की आपोआप उठतो.

लोकलमध्ये शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला. त्यांचं चुकलं नाही. भीमाशंकरहून निघाल्यापासून आंघोळ अशी झाली नव्हती. कुसूर पठारावर ठोकरवाडी धरणाचं पाणी दोन दिवस खाली दिसत राहिलं, पण उतरून पुन्हा चढायची तयारी कुणाची नव्हती. कामशेत गेलं, तळेगाव गेलं, नाशिकचा पोरगा उभ्याउभ्या पेंगत होता. शिवाजीनगरला उतरल्यावर मी मेट्रोनं मंडईला जाऊ म्हटलं, तर काका म्हणाले, "चाकू, शेगडी, दोरी. तपासणीत सगळं उपसून दाखवत बसायचं का पोरी?" मग रिक्षा. तीन माणसं, तीन सॅक. रिक्षावाल्यानं आरशातून तीनदा बघितलं आणि शेवटी विचारलंच, "पडलात का कुठं?"

लोणावळा ते कात्रज हा तुकडा आम्ही पहिल्यापासूनच वगळलाय. शुद्ध चालणारे नाक मुरडतील, मुरडोत. पवनेच्या खोऱ्यातून ते अंतर काढायचं तर आणखी चार दिवस रजा हवी आणि ती तिघांपैकी फक्त काकांकडे आहे. म्हणून पुण्यात माझ्या घरी दोन रात्री, सामान भरायचं, आणि परवा रात्री कात्रजहून पुढं. सिंहगड, राजगड, तोरणा, मग बोराट्याच्या नाळेनं, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीनं, खाली उतरून रायगड.

आईनं दार उघडलं आणि पहिलं वाक्य: "बूट बाहेर. त्या पिशव्याही बाहेर." मग काकांकडे बघून, "या, तुम्ही या."

संध्याकाळभर ती बाल्कनीत चिमटा घेऊन बसली होती. आमच्या मोज्यांमधली कुसळं काढत. डिसेंबरातलं सह्याद्रीतलं गवत म्हणजे नुसता छळ. कुसळ मोज्यात आडवं शिरतं, आणि ओढलं की मोडतं. टोक आत राहतं आणि दुसऱ्या दिवशी नेमकं घोट्याला टोचतं. आई सुलट्या बाजूनं ओढतच नव्हती. मोजा उलटा करून, आतून टोक धरून, ज्या दिशेनं गेलं त्याच दिशेनं पुढं काढत होती. वर्तमानपत्रावर त्यांचा छोटा ढीग झाला. मी बावीस वर्षं डोंगर चढतेय, ही गोष्ट मला सुचली नव्हती.

आंघोळीचं पाणी काळं झालं. दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा मातकट. वरणभात, तूप, लिंबाची फोड. काकांनी तिसऱ्यांदा भात घेतला आणि पोरगा ताटावरच झोपायचा राहिला.

आता माझ्या गादीवर बसून लिहितेय. उशीला उशीचा वास आहे. एवढंच लिहायचं होतं खरं तर.

३ डिसेंबर, बुधवार. दुपार आणि नंतर

मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या आदल्या दिवशी मंडईत जाऊ नये, हे पुण्यात जन्मून मला कळायला हवं होतं. त्यात उद्या पौर्णिमा, दत्तजयंती. पाच फळं, पाच झाडांच्या डहाळ्या, शेवंतीचे हार, नुसती रेटारेटी. १८८६ सालची ती दगडी इमारत, तिचा उंच मनोरा, आणि खाली आम्ही तिघं लिंबं शोधत फिरतोय. लिंबं, आलं, मिरच्या, आठ कांदे. बाकी ओलं काही न्यायचं नाही. टोमॅटोवरून पोरग्याचा आणि काकांचा वाद झाला. काका म्हणाले, "टमाटा सॅकेत घालशील आन् राजगडावर सार काढशील."

तिथून बोहरी आळीत ताडपत्री. जुनीला कुसूरच्या पुढं काटेरी फांदीनं वीतभर फाडलं होतं. दुकानदार काही न विचारता मीटरवर कापत सुटला, काकांनी त्याचा हात धरला: "थांबा की. आधी झोपून दाखवतो." आणि खरंच फरशीवर आडवे झाले. बोहरी आळीच्या गर्दीत. माणसं त्यांना ओलांडून गेली. गॅसचा २३० ग्रॅमचा एक डबा ट्रेकच्या दुकानातून, आधीचा राजमाचीतच संपला होता. दाणे, गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, ओआरएसची दहा पाकिटं. कात्रज ते सिंहगड वाटेत पाण्याचा थेंब नाही, प्रत्येकी चार लिटर न्यायलाच हवं. म्हणजे चार किलो तिथंच.

आमच्या किराणावाल्यानं सॅक त्याच्या काट्यावर ठेवू दिल्या. पाणी सोडून काकांची ११ किलो ४००, पोरग्याची १३ किलो २००. माझी मी ठेवलीच नाही. "घरी बघते," म्हणाले. तेव्हा काही मनात नव्हतं. निदान मला तसंच वाटलं.

जेवणानंतर शिधा बांधायला बसले. हे काम दरवेळी माझंच. माणशी एका रात्रीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, त्यातच हळद, हिंग, जिरं, मीठ, आणि वेगळ्या पुडीत मेतकूट. रात्रीगणिक एक पिशवी, पिशवीला दुहेरी गाठ, आत चिठ्ठी. राजगड, तोरणा, मोहरी गाव. अंधारात, वाऱ्यात, थकल्यावर काही मोजायला लागू नये म्हणून घरीच मोजायचं. तीन माणसं, तीन रात्री, नऊ वाट्या.

तिसऱ्या पिशवीला गाठ मारली आणि डब्यात बघितलं तर तांदूळ जास्त उरलेला. पिशव्या हातात घेऊन पाहिल्या. हलक्या. पहिली सोडली, ताटात ओतली, पुन्हा मोजली. दोन वाट्या. दुसरी, दोन. तिसरी, दोन.

बराच वेळ ताटातल्या तांदळात बोटं घालून बसले. चूक झाली म्हणून अजून एकेक वाटी घालायची, एवढंच काम होतं. हात पुढं होईना.

पायाच्या अंगठ्याचं नख काळं झालंय, ते कारण देता आलं असतं. नख काळं होऊन मी याआधी हरिश्चंद्रगड उतरलेय. ऑफिसची रजा दहा तारखेपर्यंत आहे. आईची तब्येत उत्तम. भांडण कुणाशी नाही, झालं तर पोरग्याच्या गाण्यांवरून, आणि तेही गंमतीत. खरं कारण एवढंच की काल उशीला उशीचा वास होता. वाटेवर घर लागू नये. धर्मशाळा लागावी, शाळेचा व्हरांडा लागावा, देऊळ लागावं, जिथून सकाळी उठून निघाल्याशिवाय गत्यंतर नसतं. हा मार्ग आखताना पुण्याचा मुक्काम मीच घातला होता, सोयीचा म्हणून.

आई चहा घेऊन आली. ताटाकडे बघितलं, पिशव्यांकडे बघितलं. म्हणाली, "आम्ही बायका आळंदी ते पुणे चालायचो. पालखी दोन रात्री थांबायची. तिसऱ्या दिवशी पालखी दिवेघाटाकडं आणि आम्ही घरी, कपडे भिजवायला." मी म्हटलं, वाईट नाही वाटायचं? "हडपसरपर्यंत जायचो की सोडायला," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली. हे उत्तर होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी सांगितलं. पोरगा हसला आधी. "ताई, मस्करी करतेस." मग माझा चेहरा बघून हसणं थांबलं. "प्लॅन तुझा होता," एवढंच म्हणाला, आणि गच्चीवर गेला.

खरंय ते. नकाशे मी काढले, दोन वर्षं मागं लागले, नाशिकहून त्याला मी ओढून आणलं. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं म्हणून मी मागं गेले नाही.

काकांनी खिशातून वही काढली. त्यांची हिशोबाची वही, रबरबँड लावलेली. नोटा ते अजून कंडक्टरसारख्याच उभ्या दुमडून बोटांत धरतात. प्रत्येकी दोन हजार, जमा सहा हजार. पुण्यात पोचेपर्यंतचा खर्च ४,६१२: एस.टी., मुक्कामाची जेवणं, लोकल, रिक्षा. शिल्लक १,३८८, भागिले तीन. चारशे त्रेसष्ट रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. "तेहतीस पैशे जास्ती दिल्यात. पुढच्या बारीला वळते करतो."

मी म्हटलं, आजची खरेदी त्यात धरा की. निम्मं सामान मीच निवडलंय.

त्यांनी पान उलटून दाखवलं. नव्या पानावर वर तारीख होती, खाली रेघ, आणि ठळक अक्षरांत: पुढचा प्रवास, दोघे. मंडईतली लिंबंसुद्धा त्याच पानावर. म्हणजे सकाळीच.

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

"काल रातीला पायऱ्या चढताना तू पुढं व्हतीस. पाच दिवस सगळ्यात मागं चालणारी बाई," ते म्हणाले. "पाशिंजर उतरायला लागला की दाराकडं सरकतोय. तीस वर्षं बघितलंय."

४ डिसेंबर, गुरुवार. रात्र

सामानाची वाटणी सकाळी झाली. शेगडी माझी, पातेलं माझं, दोरी पोरग्याची, औषधांचा डबा काकांकडं. शेगडी आणि पातेलं त्यांच्यासोबत दिलं. हे पातेलं माझ्याबरोबर अकरा वर्षं आहे, त्याला एका बाजूला पोचा आहे आणि त्यामुळे पाणी नेमकं त्याच बाजूनं सांडतं. पोरग्याला दाखवलं, असं धर, पोचा आपल्याकडं. त्यानं मान हलवली. सकाळपासून त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं पातेल्यावरून.

आईनं दशम्या करून दिल्या, दुधातल्या, तीन दिवस टिकतात. तिचा गुरुवारचा उपास. घट मांडलेला. काका घटापुढं टोपी काढून उभे राहिले, मग आईला म्हणाले, "येतो वहिनी." तिनं त्यांच्या हातावर साखर ठेवली. पोरग्यानं वाकून नमस्कार केला तर त्याला म्हणाली, "रोज मोजे उलटे करून घाल उन्हात."

स्वारगेटहून जुन्या घाटानं जाणारी बस पकडली. मीही बरोबर, हडपसरपर्यंतच्या हिशोबानं. काका कंडक्टरचं मशीन बघत होते. पूर्वी तिकिटांची पेटी असायची, पंच असायचा, टकटक करत गाडीभर फिरायचं. "आता आवाजच न्हाई," म्हणाले. तिकीट काढताना मी एक परतीचंही मागितलं. कंडक्टर म्हणाला परतीचं असं नसतं, येतानाचं येताना काढा. दोघंही हसले. आज पहिल्यांदाच तिघं एकदम हसलो.

जुन्या बोगद्यापाशी उतरलो. वाघजाईच्या देवळात घंटा वाजवून बाहेर आलो तोवर सूर्य गेलेला आणि पूर्वेला चंद्र वर आलेला, मोठा, ताटासारखा. खाली कात्रजच्या बाजूचे दिवे लागत होते. टॉर्च लागणारच नाही असा उजेड. कात्रज-सिंहगड लोक मुद्दाम चांदण्यातच करतात, आजही पलीकडं दुसरं एक टोळकं बूट बांधत बसलं होतं. टेकड्या किती यावर त्यांचाही वाद चालू. तेरा, सोळा. दरवेळी हा वाद होतो, कारण कुठल्या उंचवट्याला टेकडी म्हणायचं हे प्रत्येकाच्या दमावर असतं.

काकांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. "चला."

पोरगा दहा पावलं गेला आणि परत आला. सॅक एका खांद्यावरून काढली, वरच्या कप्प्यातून एक पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. मेतकूट. "तीन पुड्या झाल्यात, दोन पुरतील," म्हणाला. मग काकांना गाठायला पळत सुटला. पाठीवर चार लिटर पाणी घेऊन पळतं का कुणी.

पहिल्या चढावर ते दोघं दिसत होते. काका पुढं, तो मागं. मागचा माणूस मी असायचे, मागून दोघांच्या सॅक सारख्या हलतात की नाही बघत. काकांची डावीकडं झुकलेली वाटली. ओरडून सांगावं असं वाटलं, पण अंतर झालं होतं. बस मिळायला पाऊण तास लागला.

घरी आईनं उपास सोडला होता आणि माझं पान वाढून ठेवलं होतं. पुरण होतं. सॅक अजून बाल्कनीतच आहे, अर्धी भरलेली. उद्या उपसते.

५ डिसेंबर, शुक्रवार. सकाळ

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पोरग्याचा मेसेज. "पोचलो. गडावर पिठलं-भाकरी अजून उघडायचीय, थंडी बेक्कार. काकांनी चौदा मोजल्या, मी पंधरा. तुझ्या हिशोबानं किती?"

मी लिहिलं, तेरा. आणि काकांचा डावा पट्टा आवळ म्हणून सांगितलं.