भिंतीमागचे आकडे

२०१७ साली गणेशचतुर्थी २५ ऑगस्टला होती. त्याच रात्री ‘हार्वी’ चक्रीवादळ टेक्ससच्या रॉकपोर्ट गावाजवळ किनाऱ्यावर आले आणि पुढचे काही दिवस ह्यूस्टनच्या आसपास रेंगाळत बरसत राहिले. आमचा दीड दिवसाचा गणपती शनिवारी दुपारी बादलीत विसर्जित केला आणि त्या रात्री अंगणातले पाणी उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबले. आपले घर वाचले याचीच टोचणी लागली असावी, कारण सप्टेंबरपासून मी शेजाऱ्यांच्या चर्चच्या तुकडीबरोबर पडक्या घरांच्या कामाला जाऊ लागलो. मी ख्रिस्ती नाही याचे तिथे कोणाला सोयरसुतक नव्हते. सकाळची प्रार्थना झाली की हातात पहार मिळत असे.

इथल्या घरांची रचना सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आपल्याकडे चिऱ्याच्या किंवा विटांच्या भिंतीला पूर लागला, तर चिखल धुऊन काढतात आणि भिंत उन्हावर सोडून देतात. इथे घराचा सांगाडा लाकडाचा. सोळा-सोळा इंचांवर उभे वासे, त्यांवर आतून ड्रायवॉल म्हणजे दोन कागदांमध्ये दाबलेला जिप्समचा पातळ थर, आणि बाहेरून केवळ शोभेपुरती एक वीट. पाणी दोन फूट चढले, तरी कागद ते आणखी वर शोषून घेतो. म्हणून चार फुटांवर सरळ रेघ मारून खालचा सगळा भाग कापून टाकायचा. चारच फूट का, तर नवा बोर्ड चार फूट रुंद असतो आणि आडवा बसवला की बरोबर भरतो. तो बसवताना जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवावा लागतो, नाहीतर पुढच्या वेळी सांडलेले पाणीसुद्धा तो पिऊन टाकतो. हौशी स्वयंसेवक हा अर्धा इंच हमखास विसरतात. रंग द्यायला मात्र सगळे पुढे असतात, कारण रंगाचा फोटो चांगला येतो.

मला ज्याविषयी लिहायचे आहे ते घर ह्यूस्टनजवळच्या डिकिन्सन गावातले, एका निवृत्त, एकट्या राहणाऱ्या बाईंचे. घराचा नेहमीचा विमा होता, पण त्यात पूर येत नाही आणि पुराचा वेगळा विमा त्यांनी घेतलेला नव्हता. चर्चच्या कामाच्या यादीत त्यांचा क्रमांक इतका खाली होता, की ओल्या भिंती उघडायलाच ऑक्टोबरचा उत्तरार्ध उजाडला. नोव्हेंबरच्या मध्यात ओहायोहून एक तुकडी आठवड्यासाठी आली. तिचे प्रमुख निवृत्त सुतार होते आणि हाताने अत्यंत सफाईदार. शनिवारी त्यांना परत जायचे होते आणि त्याआधी बाईंच्या भिंती बंद करायच्या होत्या. पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, म्हणजे इथला घरच्यांसोबतचा मोठा सण होता.

१६ नोव्हेंबरला मी कचेरीतून सुट्टी काढून गेलो. पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला म्हणून ओलावा मोजण्याचे काम माझ्याकडे असे. मापकाच्या दोन सुया लाकडात रुतवायच्या आणि आकडा पेन्सिलीने तिथेच लाकडावर लिहायचा; पंधरा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भिंत बंद करायची नाही, असा आमचा दंडक होता. उभे वासे चौदा-पंधरा दाखवत होते. पण मागच्या भिंतीत, जमिनीलगतच्या आडव्या लाकडावर, बावीस आला. वीट आणि सांगाडा यांच्यामधल्या पोकळीत पाणी अडकून राहिले होते आणि सर्वांत खालचे लाकूड ते सावकाश पीत बसले होते. सहा ठिकाणी मोजले. वीसच्या खाली एकही आकडा मिळाला नाही.

सुतारबुवा म्हणाले, की तीस वर्षांत त्यांनी याहून ओले लाकूड बंद केले आहे. तसे केलेही असेल, पण ओहायोच्या हवेत. ह्यूस्टनच्या दमट हवेत त्या पोकळीत बुरशी धरली, तर वर्षभरात हीच भिंत पुन्हा फोडावी लागली असती. मी अडून बसलो. शेवटी त्यांनी बोर्ड परत ट्रकमध्ये चढवले आणि तुकडी दुसऱ्या घरी गेली. जाताना मी बाईंना आकड्याचा अर्थ समजावला. त्यांनी विचारले, “पंधरा झाले की तुम्ही याल?” मी हो म्हणालो.

८ डिसेंबरला ह्यूस्टनमध्ये बर्फ पडला, जे इथे क्वचितच घडते. त्या दिवशी मला त्या उघड्या भिंतीची आठवण झाली, हे मी कबूल करतो. फोन मात्र केला नाही. कामाची यादी चर्चच्या कार्यालयाकडे असते, असे मी मनाशी म्हटले.

पुढची तुकडी जानेवारीच्या अखेरीस त्या घरी गेली आणि मीही गेलो. बाईंनी वाशांवर जुन्या चादरी टाचल्या होत्या. मागच्या भिंतीवरची चादर बाजूला केली, तर माझ्या बावीसच्या खाली, माझ्याच पद्धतीने, तारखांसह आकड्यांचा रकाना उतरत गेलेला होता. त्यांनी बाजारातून स्वस्तातला मापक आणून एक दिवसाआड मोजमाप ठेवले होते. एकवीस, एकवीस, वीस, मग अठरा. १९ डिसेंबरसमोर चौदा. त्याखाली आणखी सतरा नोंदी होत्या, सगळ्या चौदाच्या किंवा तेराच्या.

त्यांनी १९ तारखेलाच फोन केला होता. यादीनुसार जानेवारीत येऊ, असे त्यांना सांगण्यात आले. फोन घेणाऱ्याला त्या आकड्याचा अर्थ ठाऊक नव्हता, कारण तो त्याला कोणी सांगितलेलाच नव्हता. काम थांबवण्याचा अधिकार मापक हातात असलेल्या माणसाला होता. ते पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. मधल्या काळात जानेवारीतले गोठणबिंदूखालचे दिवस येऊन गेले होते आणि त्या भिंतीत विटेखेरीज काही नव्हते.

थांबवले ते बरोबरच होते, असे मी आजही म्हणेन. मात्र, तुम्ही याल का, असे त्यांनी मला विचारले होते आणि मी आमच्या यादीच्या वतीने हो म्हटले होते.

बाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी माझ्या मापकाने खात्री करून घेतली, तेरा आले, आणि तो आकडा त्यांच्या रकान्याखाली लिहिला. मग अर्धा इंच वर धरून बोर्ड बसवला. स्क्रू मारताना बोर्डाचे दुसरे टोक त्यांनी धरले होते.